हातातले काम काढून घेण्यापूर्वी

चैत्र लागला की आमच्या दवाखान्यातील बाकावरची मंडळी बदलतात. थंडीतला खोकला आणि दमा मागे पडतो. त्यांच्या जागी ओले काजू सोलून बोटांची सालटी निघालेल्या बायका येतात, आंब्याच्या पेट्या उचलून पाठीत उसण भरलेले गडी येतात, आणि सकाळी परड्यात वाकले असता डोळ्यांपुढे अंधारी आली, असे सांगणारे आजी-आजोबा येतात. या आजी-आजोबांबरोबर मुलगा, सून किंवा मुलगी असते. पुष्कळदा ती मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेली असते. तपासणी होऊन औषधाची चिठ्ठी हातात पडली की उठता उठता त्यांची एक विनंती ठरलेली असते : "डॉक्टर, तुम्हीच यांना सांगा, आता काही करायचे नाही, स्वस्थ बसून राहायचे. आमचे ऐकत नाहीत."

जवळपास पंचवीस वर्षे मी ही विनंती आनंदाने मान्य करीत आलो. त्यात माझे काही खर्च होत नव्हते आणि घरच्यांच्या जिवाला बरे वाटत होते. गेली तीन वर्षे मात्र मी तसे सांगत नाही. त्याचे कारण माझ्याच घरात घडले, आणि त्यात चूक माझी होती. ती सांगितल्यावाचून पुढचे काही सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे मूळ घर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहान गावात आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे खळे, मागे परडे. परड्यात चार आंबे, एक कापा फणस, दोन रतांब्याची झाडे, दहा-बारा माड, विहिरीजवळ बकुळ (आमच्याकडे तिला ओवळी म्हणतात) आणि अबोली-मोगऱ्याचे दोन वाफे. धाकटा भाऊ आणि भावजय तेथेच राहतात. आईही तेथेच असते. तिचे वय आज ब्याऐंशी आहे. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी असल्याने मी आठवड्यातून एकदा जातो.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात वाळवणासाठी खळे सारवले होते. ओल्या सारवणावरून आई घसरली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. या वयात मनगटावर निभावले, खुब्यावर गेले नाही, याचेच आम्हाला समाधान. प्लास्टर निघाले त्या दिवशी मी घरातील सर्वांना बसवून फर्मान काढले : आईने खळ्यात उतरायचे नाही, परड्यात जायचे नाही, विहिरीकडे फिरकायचे नाही, विळीला हात लावायचा नाही. भावाने पडवीत गादीची खुर्ची मांडली आणि दूरदर्शन संच तिच्याकडे तोंड करून बसवला. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य उच्चारले : "तू भायरच्यांचो डॉक्टर. घरात माझो झील." झील म्हणजे मुलगा. आम्ही सारे हसलो, आणि ती खुर्चीत बसली.

ती वर्षभर बसली. पावसाळ्यात तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा लागू लागला. दिवाळीनंतर उठवायला कोणीतरी लागे. दुपारी पेंग आणि रात्री जागरण. जेवण निम्म्यावर आले. माघात ती एकच प्रश्न दिवसातून तीन-तीनदा विचारू लागली. मी रक्त, साखर, थायरॉईड, सोडियम, बी-१२, सगळे तपासले. वयाच्या मानाने सारे ठीक होते. मग मी शक्तीचे औषध लिहून दिले आणि मनाशी स्मृतिभ्रंशाची शक्यता मांडू लागलो. दुसऱ्या एखाद्या घरातील आजी असत्या तर मी पहिला प्रश्न विचारला असता की, या दिवसभर करतात काय? आपल्या आईच्या बाबतीत तो मला सुचला नाही.

वास्तविक हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील जवळपास किलोभर मांसल भाग झडला. ती माणसे आजारी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. तरुणाचा पाय महिनाभर प्लास्टरात राहिला तरी तो पुन्हा भरून येतो. सत्तरीनंतर गेलेले मांस परत मिळवणे अशक्य नसते, पण फार कष्टाचे असते. स्नायूंबरोबर तोल जातो आणि तोल गेला की पडण्याची भीती वाढते. भीतीपोटी हालचाल आणखी कमी होते. पडू नये म्हणून बसवून ठेवलेला माणूस पडण्यासाठीच तयार होत जातो. मी हे पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

त्या वर्षी फाल्गुनातल्या एका रविवारी मी घरी होतो. सुरंगीचा बहर माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत असतो. तिच्या कळ्या उजाडण्यापूर्वी काढाव्या लागतात, कारण ऊन लागले की त्या उमलतात आणि मग वळेसराला उपयोगी पडत नाहीत. शेजारच्या काकी बाजारात वळेसर विकतात. त्यांची सून माहेरी गेली होती आणि पहिली एस.टी. गाठायची होती. माझे फर्मान त्यांना ठाऊक नव्हते. त्या कळ्यांचे सूप घेऊन पडवीत आल्या आणि ते सरळ आईच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वयनी, वायच हात लावा."

आईने दीड तास मान वर केली नाही. मोडलेल्या मनगटाचा हात सुरुवातीला अडखळत होता, नंतर त्याला लय सापडली. काकी निघाल्यावर ती रिकामे सूप ठेवायला उठली, आणि एका हाताने उठली, कारण दुसऱ्या हातात सूप होते. मग तिने भावजयीकडे चहा मागितला. कित्येक महिन्यांत तिने आपणहून काही मागितले नव्हते. या घटनेला चमत्कार म्हणावे असे मला वाटत नाही. दीड तास कळ्या ओवून मांड्यांना बळ येत नसते. पण त्या दीड तासात कोणाला तरी तिची गरज होती, आणि उठण्याला काही कारण होते. मी वर्षभर तिला विश्रांती दिली होती आणि कारण मात्र काढून घेतले होते.

छंद कशाला म्हणावे?

नव्याने व्यवसाय सुरू केला तेव्हा मी वृद्ध रुग्णांच्या कागदावर "छंद" असा एक रकाना ठेवला होता. शहाहत्तर वर्षांच्या एका शेतकरी आजोबांना मी विचारले, तुमचा छंद काय? ते हसून म्हणाले, छंद मुलांना असतात. पुढे बोलता बोलता कळले की ते रोज दुपारी माडाच्या झावळांतून हीर काढून खराटे बांधतात. घरात खराट्यांचा ढीग झाल्यामुळे वाडीत वाटून टाकतात. कोणाचा खराटा किती दिवस टिकला याची त्यांच्याकडे तोंडी नोंद असे. आपल्या घरवाडीच्या जीवनात छंद आणि काम यांच्यामध्ये कुंपण नसते. म्हणून वडीलधाऱ्यांना छंद विचारला तर ते गोंधळतात. त्याऐवजी विचारावे : या घरातले कोणते काम तुमच्या हाताशिवाय नीट होत नाही? उत्तर ताबडतोब मिळते, आणि बहुधा थोड्या अभिमानाने मिळते.

वसंतात अशा कामांना तोटा नसतो. पहाटे बकुळीखाली सडा पडलेला असतो. ही फुले वेचून केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवता येतात. फुलाच्या मध्ये मुळातच छिद्र असल्याने सुई लागत नाही, त्यामुळे नजर मंदावलेल्या हातांनाही ते जमते. वाळली तरी गंध जात नाही, म्हणून माळ कपाटात ठेवली जाते आणि पुढे कित्येक महिने कोणीतरी कपाट उघडले की आजीची आठवण काढते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची डाळ आणि पन्हे असते. आमसुलांसाठी रतांबे फोडून बिया वेगळ्या करायच्या असतात, सालींना मिठाच्या रसाची पुन्हा पुन्हा पुटे द्यायची असतात. पोह्यांचे आणि फणसाचे पापड, सांडगे, आंबापोळी, आणि वाळवणावर कावळ्यांची राखण ही असतातच. ही राखण म्हणजे निव्वळ बसणे नव्हे. दर काही मिनिटांनी उठून हाकलावे लागते, ऊन सरकले की ताटे सरकवावी लागतात. फिजिओथेरपिस्ट खुर्चीतून उठण्या-बसण्याचा जो व्यायाम करवून घेतात, तो येथे कावळे फुकट करवून घेतात.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते बियाणे जपण्याचे काम. पावसाळी काकडी, दोडके, भेंडी, भोपळा यांचे बी निवडून, राख चोळून ठेवायचे. कोणी काकडीचे बी शेणात बसवून भिंतीला थापतात. कोणत्या वेलीची काकडी कडू निघाली, कोणते बी कोणत्या माहेरवाशिणीने आणले, हा सगळा इतिहास वृद्धांच्याच डोक्यात असतो. नातवाला वही घेऊन शेजारी बसवावे आणि तो लिहून काढावा. स्मरणशक्तीसाठी शब्दकोडी सोडवा असे मी शहरातील रुग्णांना सांगतो. पण कोड्याचे उत्तर चुकले तर कोणाचे काही बिघडत नाही, बी चुकले तर श्रावणात मांडव रिकामा राहतो. वृद्धांना हा फरक चांगला कळतो.

माणूस नव्हे, बैठक बदला

त्या रविवारनंतर भावजय आणि मी आईच्या एकेका कामाचा विचार केला. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी तपासल्या : बसण्याची जागा, वेळ आणि हत्यार. कामे तीच ठेवली.

जमिनीवर पाट घेऊन बसणे तिच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हते. गावच्या सुताराने तिच्या गुडघ्याच्या उंचीचा, दोन्ही बाजूंना हात असलेला एक मजबूत चौरंग करून दिला. पाऊल जमिनीवर सपाट टेकावे आणि गुडघा काटकोनात राहावा, हे माप आपणही घरी घेऊ शकता. समोर तेवढ्याच उंचीचा दुसरा चौरंग आला. विळी गेली, सुरी आणि पाटी आली. या बदलावर आईचा राग पंधरा दिवस टिकला. बकुळीची फुले आता ती वाकून वेचत नाही. पहाटे भावजय झाडाखाली जुने लुगडे पसरते आणि नंतर त्याची चार टोके उचलून आईपुढे ठेवते. विहिरीवर जायचे नाही हे मात्र कायम राहिले. पंपाचे पाणी नळीने वाफ्याजवळच्या पिंपात येते आणि तेथून लहान झारीने ती अबोलीला घालते. झारी अर्धीच भरायची, फेऱ्या वाढल्या तर वाढू द्यायच्या. खळ्याच्या दोन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला. खळे सारवले की ते पूर्ण सुकेपर्यंत पडवीच्या दाराला आडवी काठी लावली जाते.

ताकद परत येत आहे की नाही, हे घरीच पाहण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर दुमडावे आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसावे. शेजारी कोणीतरी उभे असावे. यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पायांचे बळ कमी पडते आहे असे समजावे आणि डॉक्टरांशी बोलावे. त्या फाल्गुनात आईला एकदाही असे उठता आले नव्हते. ज्येष्ठात ती पाच वेळा उठली. वेळ मी मोजला नाही, कारण ती प्रत्येक वेळी मध्येच बोलत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार वृद्धांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद यांचा सराव करावा. परड्यातली अर्ध्या तासाची सकाळ यातील बराच भाग भरून काढते. ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत भरून येते किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सर्व काही पूर्वीसारखे झाले असे मात्र नाही. आई आता काठीशिवाय परड्यात जात नाही. विसरणे थोडे आहेच. ऐकू येण्याचे यंत्र ती डब्यात जपून ठेवते. पण तीनदा विचारलेला प्रश्न एकदा विचारण्यावर आला, आणि रात्रीची झोप परतली.

ऊन आणि पाणी

आपल्याकडे वसंताचे वर्णन कोकिळेपासून सुरू होते. डॉक्टराला ते घामापासून सुरू करावे लागते. कोकणातील पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. त्यात वृद्धांच्या शरीरातील पाण्याचा साठा मुळात कमी असतो आणि तहानेची जाणीव बोथट झालेली असते. "तहान लागली की पिते" हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर सकाळी एक तांब्या भरून समोर ठेवावा आणि तो दुपारच्या जेवणापर्यंत रिकामा व्हावा. दुसरा दिवेलागणीपर्यंत. तांब्या डोळ्यांना दिसतो, हिशेब ठेवावा लागत नाही. ताक, कोकमाचे सरबत, पन्हे ही पेये उत्तमच, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ आणि मधुमेह असणाऱ्यांनी साखर-गूळ हात राखून घालावा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय रोज पिऊ नये.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी पुष्कळांना चालू असते. उन्हाळ्यात तीच गोळी अंगातील पाणी अधिक कमी करते आणि उभे राहताच चक्कर येते. अशा वेळी गोळी आपण होऊन बंद करू नये. डॉक्टरांकडून बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर मात्रा बदलण्याचा विचार करावा लागतो. आईची गोळी मी असे मोजल्यावरच कमी केली. त्याआधी दोन वर्षे मी तिचा रक्तदाब फक्त खुर्चीत बसलेला असताना मोजत होतो.

परड्यातली कामे सकाळी नवापूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर करावी. मधल्या वेळात ओवणे, निवडणे, सोलणे अशी पडवीतली कामे काढावी. भर उन्हात असलेला वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले, तर घाम येतो आहे की नाही याची वाट पाहू नये. तो उष्माघात असू शकतो. सावलीत आणून कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. एक निवृत्त शिक्षक, जुने मधुमेही, चैत्रात खळ्यातल्या चिऱ्यांवर काजूबिया पसरायला दुपारी अनवाणी उतरले. संध्याकाळी मोजे घालताना सुनेला तळव्यांवर मोठाले फोड दिसले. त्यांना काहीच जाणवले नव्हते. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, आणि तापलेला चिरा तव्याहून फारसा वेगळा नसतो. त्या जखमा भरायला तीन महिने लागले. मधुमेह असेल तर अंगणातही मागे पट्टा असलेल्या, पाय न निसटणाऱ्या चपला हव्यातच, आणि रोज झोपताना तळवे कोणीतरी पाहावे.

काजूचेही तसेच आहे. ओल्या काजूच्या टरफलातील चीक त्वचा भाजतो. आमच्याकडे हातांना राख किंवा खोबरेल लावण्याची रीत आहे, पण वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. रबरी हातमोजे वापरावे, आणि तो हात डोळ्याला लागू देऊ नये.

झावळांचा ढीग, सोडणे, चिऱ्यांच्या फटी आणि सरपणाची रास येथे हात घालण्याचे काम मात्र वृद्धांकडे देऊ नये. फुरसे आणि लाल विंचू यांना ह्याच जागा आवडतात. फुरसे चावल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आणि पूर्वी दगावणारे कितीतरी रुग्ण त्यामुळे वाचले. पण औषध वेळेत मिळायला रुग्ण वेळेत पोहोचायला हवा. मंत्र, उतारा यांत तास घालवू नये. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातील वाचकांना २०१६ पासून माकडतापाचा अनुभव आहेच. तेथे या दिवसांत काजूच्या बागेतील पाला गोळा करायला ज्येष्ठांना पाठवू नये. गेलेच तर अंगभर कपडे असावे, आल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंगावर गोचीड नाही ना ते पाहावे, आणि ताप आल्यास बागेत गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आंब्याविषयी विचारले जाणारच, म्हणून सांगतो. मधुमेह ताब्यात असेल तर लहान आंब्याच्या एक-दोन फोडी चालतात, मात्र जेवणावर वरकड म्हणून नव्हे. त्या खायच्या तर पोळी किंवा भात तेवढा कमी करावा. रसाची वाटी टाळावी. पापड, सांडगे आणि आमसुले करावीत भरपूर, रक्तदाब असेल तर खावीत मोजकी. आई हा नियम पाळत नाही.

मे महिन्यातील पाहुण्यांस

आता दोन शब्द, जे दरवर्षी मे महिन्यात गावी येतात त्यांच्यासाठी. तुमचे प्रेम खरे असते, हे मी दवाखान्यात रोज पाहतो. पण आल्या आल्या तुम्ही बहुधा दोनपैकी एक गोष्ट करता. एक तर आजीच्या हातचे म्हणून पंधरा माणसांच्या घावनांना तिला उभी करता, किंवा तिला खुर्चीत बसवून स्वयंपाकघर ताब्यात घेता. दोन्हींत तिला कोणी विचारलेले नसते. आणखी एक. वडिलांना सोय व्हावी म्हणून मातीची जमीन काढून तुम्ही चकचकीत फरशी बसवता. माझ्याकडे येणाऱ्या खुब्याच्या अस्थिभंगांपैकी कित्येकांची हकिकत न्हाणीघरातून ओल्या पायांनी त्या फरशीवर येण्यापासून सुरू होते. तो पैसा न्हाणीघरात खरखरीत फरशी, दोन कठडे, उंच बैठकीचा संडास आणि रात्री जळत राहणारा लहान दिवा यांवर घालावा. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पायरीची कड दिसत नाही.

ज्यांचे घर आता तिसऱ्या मजल्यावर आहे आणि परडे केवळ आठवणीत आहे, त्यांनाही हे लागू पडते. गावाहून आलेले वाल सोलायला, मेथी निवडायला, गॅलरीतील चार कुंड्यांना पाणी घालायला खळे लागत नाही. फक्त ते काम आपणच पटकन उरकून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. वृद्ध हातांना वेळ लागतो, सांडते, कधी चुकते. शुश्रूषा करणाऱ्याची खरी दमणूक तेथे होते, हे मी जाणतो. माझ्या भावजयीने एकदा मला स्पष्ट ऐकवले : आईंचे काम बंद होते तेव्हा माझे काम कमी होते. खरे आहे. म्हणून आठवड्यातला एक दिवस भाऊ घरी थांबतो आणि ती माहेरी किंवा बाजारात जाते. ही व्यवस्था आम्ही ठरवली नसती तर आईचा चौरंग कधीच माळ्यावर गेला असता.

काल भावाचा फोन आला. आईने येताना पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळे, चष्म्याच्या काडीचा स्क्रू आणि बियाण्यासाठी झाकणाच्या बरण्या मागितल्या आहेत. बरण्या ठेवायला माळ्यावर स्वतः चढायचे, असा तिचा हट्ट आहे. शिडी भावाने शेजारी नेऊन ठेवली आहे. त्यावर या रविवारी बोलणी व्हायची आहेत.